टेम्पो कोणाच्या दारात थांबतो

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मंगच सांगतो. कारण टेम्पोचा हॉर्न ऐकला की मी आजही रस्ता बदलतो.

मी उंद्रीचा. चिखलीच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवतो. तासिकेवर म्हणजे काय, तर यंदा आपण आहो की नाही हे दर जूनमध्ये नोटीस बोर्डावर जाऊन पाहायचं. पीएचडी झाली तर पक्कं व्हायचा चान्स. अन् मुदतवाढ दोनदा घेऊन झालेली. तिसरी भेटणार नव्हती. झोप कशी येईल, सांगा?

विषय तसा साधा. आमच्याकडच्या भाजीवाल्या शेतकऱ्याईले ठिबकचं प्रशिक्षण दिलं तर ते खरंच ठिबक बसवतात का? फॉर्मवर दोनच मुद्द्याचे प्रश्न. प्रशिक्षण घेतलं का? त्यानंतर ठिबक बसवलं का? उत्तर हो, नाहीतर नाही. विहिरीच्या पाण्याचाही एक प्रश्न होता, पण फॉर्म लांबतो म्हणून मी काढून टाकला. हे ध्यानात ठेवा.

भरलेल्या फॉर्मचे आकडे घालून कॉम्प्युटरवर मॉडेल चालवलं तर प्रशिक्षणाचा गुण एकदम जोरदार. मी खूश. पण आमच्या गाइड मॅडमनं कागद बाजूले सारला. म्हणाल्या, अरे, प्रशिक्षणाले येतं कोण? ज्याच्या मनात आधीच ठिबक आहे तोच ना? मंग बसवलं ते प्रशिक्षणानं की त्याच्या हौसेनं? या रोगाले एंडोजेनिटी म्हणतात, अन् हो-नाहीच्या मॉडेलात तर साध्या मलमपट्टीनं तो जातही नाही.

मी घाबरून नागपूरले गेलो. याच रोगावर तीन दिवसांची कार्यशाळा केली. सर्टिफिकेट भेटलं. आईनं ते फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलं. तिथं शिकलो ते असं, की एक अशी गोष्ट शोधायची जी माणसाले प्रशिक्षणापर्यंत ढकलत नेईल, पण तिचा ठिबकशी काही म्हणजे काही संबंध नसेल.

आता अशी गोष्ट आणायची कुठून? आठ दिवस डोकं धरून बसलो. अन् मंग एका सकाळी शब्बीरचाचाच्या टेम्पोत टमाट्याच्या कॅरेटवर बसून चिखलीले जात असताना मले सापडली. मी बसलो होतो तीच!

चाचा गावोगावची भाजी रोज चिखलीच्या बाजारात नेतो. ज्याच्या दारात टेम्पो थांबे, तो शेतकरी प्रशिक्षणाच्या दिवशी फुकटात चढून चिखलीले जाई. बाकीचे कोण एसटीची वाट पाहते? अन् टेम्पोचा ठिबकशी काय संबंध? झालं. पूर्ण प्रबंध त्या टेम्पोवर चढवला.

व्हायवाचा, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. तीनदा शर्ट बदलला, घामच थांबेना. चाचाले म्हटलं, चाचा, तुम्ही मागं बसा, ओळखीचं तोंड दिसलं म्हणजे धीर येईल. तो बिचारा बाजार आटपून आला, टोपी नीट करून शेवटच्या बाकावर बसला.

परीक्षक म्हणून पुण्याहून आलेल्या सरांनी सगळं शांतपणे ऐकलं अन् विचारलं, "टेम्पो कुणाच्या दारात थांबणार, हे ठरतं कसं?"

मी म्हटलं, नशिबानं, सर. तेवढ्यावर गप्प बसावं ना? पण नाही. भीतीनं माही जीभ सैल होते. म्हटलं, खोटं वाटत असेल तर मालकच मागं बसले आहेत.

सरांनी चाचाले तोच प्रश्न विचारला. चाचा उठून उभा राह्यला.

"नशीब कायचं साहेब? ज्याच्या विहिरीले उन्हाळ्यातही पानी रायते, त्याच्याच दारात थांबतो. मले भाजी बारा महिने पायजे. अन् ठिबकही तोच बसवते. कोरड्या विहिरीवर नळ्या अंथरून काय करते मानूस?"

मॅडमनं डोळे मिटले. मी पाणी प्यायलो. ग्लास रिकामा होता, तरी प्यायलो.

चहाच्या वेळी हळूच विचारलं, "चाचा, दोन वर्षं रोज तुमच्याच टेम्पोत बसून राह्यलो. हे सांगितलं काऊन नाही?"

"तुमी कधी इचारलं?" चाचा म्हणाला. "तुमी तर रोज मलेच समजावून सांगत होते."

प्रबंध परत आला. पुन्हा सगळी गावं फिरा, यावेळी विहिरीत डोकावून. सहा महिने दिले, तेही सरांच्या दयेनं.

जाताना सरांनी विचारलं, हे तंत्र कुठं शिकलात? कार्यशाळा म्हटलं, तीन दिवसांची, सर्टिफिकेट आहे. ते फक्त 'अच्छा' म्हणाले. तो 'अच्छा' अजून माह्या कानातून जात नाही.

घरी येऊन नवीन सर्वेक्षणाचा पहिला फॉर्म काढला. वर माहंच नाव टाकलं. प्रशिक्षण घेतलं का? हो. पुढच्या प्रश्नातलं 'ठिबक बसवलं का' खोडलं अन् लिहिलं, 'डोकं वापरलं का?'

नाही.