तीन शिट्ट्यांचा काढा

२००६च्या मे महिन्यात सुमित्राबाई नागपूरहून अमेरिकेत, क्युपर्टिनोला मुलाकडे आल्या, त्या सोवळं बॅगेत घालूनच. "देश सोडला, रीत नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. अडचण आली की बाईने स्वयंपाकघराच्या दारात थबकायचं, हा त्यांच्या घरचा चाळीस वर्षांचा नेम.

पण सून आसावरी कधी थबकेचना. महिन्याभराने त्यांनी विचारलं, तेव्हा कळलं की सात महिने पाळीच नाही. डॉक्टरांनी पीसीओएस सांगितलं होतं, गोळ्या चालू होत्या. आसावरीला मूल हवं होतं. फोनवर कुणी खोदून विचारलं की ती "सध्या करिअर!" म्हणून हसायची आणि नंतर नळ सोडून बाथरूममध्ये रडायची. नळाच्या आवाजाने सुमित्राबाई थोड्याच फसणार!

ऑफिसातल्या चिनी मैत्रिणीने वैद्य लिनबाईंचं नाव सुचवलं. आसावरीने आधी आपल्या डॉक्टरांना विचारून घेतलं आणि सासूलाही बरोबर नेलं. लिनबाईंनी जीभ पाहिली, दोन्ही हातांची नाडी पाहिली आणि गार पाणी बंद करायला सांगितलं. सुमित्राबाई खूश. "अगं, ही तर आपल्यातलीच निघाली!"

मुळ्या-सालींची पुडकी मिळाली. मातीच्या भांड्यात, मंद आचेवर तासभर उकळायची. तासभर गॅस जाळायचा? सुमित्राबाईंनी सरळ कुकर लावला आणि तीन शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर आत नुसता लगदा, आणि पुढे चार दिवस वरणाला त्या मुळ्यांचा वास. राजस, त्यांचा मुलगा, निमूटपणे पिझ्झा मागवत राहिला. हे ऐकून लिनबाई डोळ्यांत पाणी येईतो हसल्या आणि त्यांनी स्वतःचं जुनं भांडं देऊन टाकलं. त्यानंतर मात्र सुमित्राबाई रोज तासभर गॅसपाशी उभ्या राहिल्या. आसावरी नाक दाबून काढा प्यायची आणि त्या तिच्या हातावर खडीसाखर ठेवायच्या. या बाईला आपलं एवढं पडलंय, हे आसावरीला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

ऑगस्टअखेर गणपती आले. तीस माणसं जेवायला यायची होती. सुमित्राबाई सोवळ्यात, उकड मळायला बसलेल्या. आसावरी आली आणि दारातच थांबली.

"काहून गं? ये ना आत."

"आई... अडचण आलीये."

काढ्याने, गोळ्यांनी की कशाने, कोण सांगणार! सुमित्राबाई उठल्या. पिठाच्या हातांनीच त्यांनी सुनेला घट्ट जवळ घेतलं. दोघीही रडत होत्या.

"आई, सोवळं! आणि मी आत कशी येऊ?"

"चल, मोदक वळायला बस," सुमित्राबाई डोळे पुसत म्हणाल्या. "इतके महिने होती ती अडचण. आज संपली."