दोन सर्व्हरांचे काका

कुणीही पासवर्ड मागितला की काका आधी एकच विचारायचे, "बगायचंय का बदलायचंय?" मागणारा मॅनेजर असो नाहीतर कँटीनवाला. बघायचंय म्हणणाऱ्याला नुसतं बघण्यापुरतं खातं मिळायचं, तेही त्याच्या स्वतःच्या नावाचं. बदलायचंय म्हणणाऱ्याला लेखी अर्ज आणावा लागायचा. "एकाचा पासवर्ड दुसऱ्याला नाय. मंग कोनी काय केलं, कळनार कसं?"

साजगावच्या त्या कारखान्यात हजेरीचा डेटाबेस दोन ठिकाणी होता. जुन्या वर्षांचा कारखान्यातल्याच सर्व्हरवर आणि अलीकडचा क्लाउडवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरच्या सर्व्हरवर. दोन्ही सर्व्हर काकाच सांभाळायचे. मी कामगार संघटनेची कार्यकर्ती. आमच्या संघटनेचे अडतीस कंत्राटी कामगार वर्षानुवर्षं राबत होते, पण हजेरीत त्यांचे दिवस कमी दिसत आणि म्हणून ते कायम होत नसत. कुणीतरी दिवस खोडत होतं. कामगार न्यायालयातल्या सुनावणीत भांडभांडून आम्ही बाहेरच्या ऑडिटर बाईंकडून तपासणी मंजूर करून घेतली. बाईंचं लॉगिन तयार करण्याचं काम काकांवर आलं.

मी तेव्हा नुसती पेटलेली. सरळ म्हटलं, "काका, तुमचाच पासवर्ड द्या. सगळं उघडं पाडू." गंमत म्हणजे मॅनेजरचंही तेच चाललेलं: बाईंना सगळे अधिकार द्या, आम्हाला काय लपवायचंय!

काकांनी दोघांनाही नाही म्हटलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं येडे, सगळे अधिकार दिले तर उद्या ह्येच म्हनतील, बाईनंच आकडे फिरवले. त्यो मॅनेजर तुला फसवतोय आन तू टाळ्या वाजवतेस."

मग त्यांनी दोन्ही सर्व्हरवर वेगवेगळी खाती काढली. तपासणी संपली की आपोआप बंद होणारी. हजेरी दिसेल, कुणी कधी काय बदललं ते दिसेल, पण एक अक्षर हलवता येणार नाही.

तपासणीच्या पहिल्या दिवशी कारखान्यातला सर्व्हर वायर जोडून उघडला, क्लाउडचा काही केल्या उघडेना. माझं डोकं फिरलं. दुपारच्या पाळीला मी गेटवर पत्रक वाटलंसुद्धा: 'पुरावा दडपला! सर्व्हरवाला मालकाच्या खिशात!' काका पत्रक घेऊन बाहेर आले. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"बाईंच्या लॅपटॉपला इंटरनेट कुनाचं दिलंस?"

"माझ्या मोबाइलचं. कंपनीच्या इंटरनेटवर कोण विश्वास ठेवतं?"

"क्लाउडला मी कारखान्याच्या इंटरनेटचाच पत्ता सांगून ठेवलाय. दुसऱ्या पत्त्यावरनं कोन आलं तर त्यो दारातच अडवतो. तुजं हॉटस्पॉट बंद कर गं, माजे आये!"

अख्खं गेट हसलं. मी पत्रकं गोळा करायला लागले, तर काकांनी एक घडी करून खिशात घातलं. "घरी दाखवतो. बायको म्हनंल, मालकाच्या खिशात हाव, मंग आपलं घर का गळतंय?"

दिवस मॅनेजरच्या कार्यालयातल्या खात्यावरून खोडले गेले होते, वेळेसकट नोंद निघाली. पुढच्या सुनावणीत कंपनीचा वकील उठला आणि खरोखर म्हणाला की आकडे ऑडिटरनेच बदलले. काकांनी बाईंच्या खात्याचे अधिकार शांतपणे वाचून दाखवले. वकील खाली बसला. अडतीसच्या अडतीस कायम झाले.

त्याच महिन्यात काकांचं कंत्राट वाढवलं नाही.

हो, काकाही कंत्राटीच होते! अकरा वर्षं. कंत्राटी कामगारांच्या नावाने घसा फोडणाऱ्या मला हे त्या दिवशी कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं. मॅनेजरवरचा राग निवला, हा स्वतःवरचा अजून निवत नाही.

भिवपुरीजवळच्या त्यांच्या घरी गेले. काकी चहा ठेवायला उठल्या. मी उंबऱ्यातच भांडायला लागले, "तुम्ही आमच्या यादीत तुमचं नाव का नाही दिलं?"

"दोन्ही सर्व्हर माज्या ताब्यात. माजं नाव असतं, तर त्यांनी माज्यावर बोट ठेवलं असतं आन अडतीसच्या अडतीस खोटे ठरवले असते."

काकींनी चहा आणला. काका म्हणाले, "माज्या जागी नवा मानूस आला ना, त्याच्याकडनं काल माजं खातं समोर बसून बंद करून घेतलं. पुन्यांदा आत जायला बघितलं, नाय उघडलं. बरं वाटलं."

मग चष्मा पुसला आणि हात पुढे केला.

"आता आन इकडं तुजा अर्ज, मला कायम करायचा. कुठं सही करू?"