माझ्याशी खेळताना मशीन गप्प का बसली

इंजिनियर साहेबांनी मला फसवलं. मशीनने नाही. साहेबांनी सगळा दोष मशीनवर ढकलून हात झटकले, म्हणून हे आधी सांगतो.

ब्रह्मपुरीच्या क्लबात साहेबांनी कॉम्प्युटर आणला होता. तो टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरला कॅसेट लावायची, ती बराच वेळ किंचाळायची आणि मग पडद्यावर बुद्धिबळाचा पट उमटायचा. नागपूरच्या स्पर्धेला क्लबातून एकच खेळाडू जाणार होता. मी क्लबात सगळ्यांना हरवलं होतं. साहेबांना, त्यांच्या मेहुण्याला, क्लबाचे सेक्रेटरी असलेल्या, कॉलेजातल्या प्रोफेसरांना. कुरखेड्याच्या बाजारात धान आणि चारोळी घेणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला नागपूरला पाठवायचं म्हटल्यावर साहेबांना एकाएकी न्याय सुचला.

"माणसं पक्षपात करतात. मशीन ठरवेल. सगळे पहिल्या पातळीवर खेळतील. जो जिंकेल तो नागपूरला."

पहिली पातळी म्हणजे पोरासोरांची. मेहुणा खुर्चीत बसला, स्वतः बटणं दाबली, मशीनने फटाफट चाली केल्या, मेहुणा जिंकला. टाळ्या.

माझी पाळी आली. मी खुर्चीकडे गेलो तर प्रोफेसर आडवे आले.

"हात नको लावू गा. नाजूक वस्तू आहे. तू तिकडे पटावर खेळ. तुह्या चाली मी टाकतो."

"सर, मले पडदा तरी पाहू द्या."

"काऊन? पट तर समोर आहे."

मला खिडकीजवळच्या बाकावर बसवलं. टीव्हीची पाठ माझ्याकडे. माझ्या बापाच्या ओंजळीत विहिरीवर वरून पाणी ओतायचे. आमच्या घरात छप्पनपासून बुद्धाची तसबीर आहे आणि यांच्या क्लबात अजून विहीरच आहे. फक्त दोराच्या जागी वायर आली.

मी चाल सांगायचो, प्रोफेसर बटण दाबायचे. आणि मशीन गप्प. चहा यायचा, कप रिकामे व्हायचे, मशीन गप्पच. सकाळी मांडलेला डाव दिवे लागेपर्यंत चालला. मध्येच मी विचारलं, "मशीन बिघडली का?"

साहेब आरामात म्हणाले, "बिघडली नाही रे. तुझ्या चाली इतक्या गावठी आहेत की तिला अर्थच लागत नाही."

सगळे हसले. प्रोफेसर मांडीवर थाप मारून हसले. मी हरलो. वजीर गेला, राजा कोपऱ्यात कोंडला. साहेब निकाल सांगताना म्हणाले, "पोरांच्या पातळीवर हरला." तेवढं एकच वाक्य माझ्या आधी बाजारात पोचलं. मी वजनकाट्यापाशी उभा आणि समोरचा विचारतो, "काय भाऊ, मशीननं पाडलं म्हणते तुले?"

सगळ्यात वाईट हे की मी ते खरं मानलं. मी बाजारात शिकलेला. आमच्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. वाटलं, आपला खेळच हलका. पट माळ्यावर टाकला.

मग एकदा वरोऱ्याला मालाच्या कामाने गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंचा मुलगा परदेशी गेला होता. तशीच मशीन, तीच कॅसेट घरात पडून होती. बाईंना ती विकायची होती. मी घासाघीस सुरू केली.

"भाऊ, तुम्ही वांगे घेऊन राह्यले का कॉम्प्युटर?"

"चालू करून दाखवा बाई. दगड घ्यायचा का मले?"

त्यांनी कॅसेट लावली. पट उमटायच्या आधी मशीनने विचारलं, पातळी कोणती, एक ते सहा. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी एक दाबला. चाल केली. उत्तर ताबडतोब. मुद्दाम वेड्यासारखा घोडा फुकट दिला, प्यादी वाटेल तशी ढकलली. तरी उत्तर ताबडतोब. कसल्याही चालीने ती गोंधळेना.

मग सहा दाबला. मशीन गप्प. बाई आत गेल्या, चहा टाकला, घेऊन आल्या. मशीन गप्पच.

"बिघडली का बाई?"

"नाई हो. सहावर ठेवली की अशीच बसते विचार करत. माहा पोरगा चाल टाकून जेवून यायचा."

कपातला चहा तसाच राहिला. राग डोक्यात गेला होता. भाव मात्र पाडूनच मशीन घेतली.

घरी आणून तिच्याशी खेळलो. हरलो की चाली मागे घ्यायच्या, कुठे चुकलो ते शोधायचं, पुन्हा लढायचं. वजीर घाईने बाहेर काढायची माझी खोड तिने मोडली. किल्लेकोट वेळेवर करायला शिकवलं. दोनवर जिंकलो, तीनवर जिंकलो, चारवर कित्येक महिने अडकलो. सहावर अजून हरतो. पण त्या दिवशी जिच्याशी दिवे लागेपर्यंत टिकलो, ती कोण होती हे आता मला माहीत आहे. साहेब स्वतः एकच्या वर कधी गेले नाहीत. एवढी वस्तू घेतली आणि तिच्याकडून शिकायला लाजले. तिचा उपयोग त्यांना एकच सुचला.

मी क्लबात जाऊन सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, माह्या डावाले मशीन कितीवर होती?"

मेहुणा नागपूरला जाऊन पहिल्याच फेरीत हरून आला होता. तो उठून व्हरांड्यात गेला. प्रोफेसर चष्मा पुसत राहिले.

साहेब म्हणाले, "जुनं काय उकरतोस? पुढच्या वर्षी तुला पाठवू. बस, चहा घे."

मी बसलो नाही. पुढचं वर्ष हे त्यांच्या खिशातलं नाणं नाही, टाकलं की मी वेचायचं. नागपूरला मी जाईन तो खेळून जाईन, बटणाला माझं बोट आणि पडदा सगळ्यांना दिसेल असा. त्याआधी हिशेब. प्रोफेसर, तुम्ही सहा दाबला. साहेब, तुम्ही दाबायला सांगितलं, की नुसतं बघून हसलात? ज्यांच्यासमोर मला गावठी म्हटलंत, त्यांच्यासमोर उभे राहा आणि उत्तर द्या. मी ते घेतल्याशिवाय जाणार नाही.