एक लिहाच लागते

तामसीहून बसनं येणारी ती बाई दिवस मावळताना बाजारात मेथी विकते. रद्दीच्या पानांत जुड्या गुंडाळून देते, पण राज्यसभेच्या निवडणुकीची बातमी असलेलं पान घडी करून मांडीखाली ठेवते. गिऱ्हाईक जरा रेंगाळलं की तिचा तास सुरू.

"आमदार नावांपुढं एक, दोन, तीन लिहितात, भाऊ. दोन-तीन नाई लिहिलं तरी चालते. एक लिहाच लागते, नाई तर मत बाद."

शाळेत नागरिकशास्त्रात ती नेहमी पहिली यायची म्हणे.

"मंग मास्तरीण काऊन नाई झाल्या तुमी?" परवा मी विचारलं.

मेथीवर पाणी शिंपडणारा तिचा हात थांबला. "बाबानं विचारलं होतं, पुढं शिकतं का लग्न करतं? मी म्हनलं, तुमी म्हनसान तसं."

मग तिनं मांडीखालचं पान काढलं आणि माझी मेथी त्यातच गुंडाळली.