आईने न वाचलेलं स्तोत्र

"ग्राफ्ट रिजेक्शन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी टॉर्च बंद केला. म्हणजे डोळ्यात बसवलेलं पटल शरीर आपलं मानत नाही, परकं समजून त्याच्यावर उठतं. मग त्यांनी आईला विचारलं, "डोळा लाल कधीपासून आहे?"

मीच म्हणाले, कालपासून, कारण मला कालच दिसला होता. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी तिलाच परत विचारलं.

"लई दिस झाले," आई म्हणाली.

ज्यांच्या घरात असं ऑपरेशन झालंय किंवा व्हायचंय त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. त्यातही आपल्या मंडळीतल्या लोकांसाठी, कारण आमच्या घरात झाली तशी चूक ख्रिस्ती माणसांनाच सुचू शकते.

माझी आई कुंभार पिंपळगावाकडच्या वस्त्यांवर बायबलवाली बाई म्हणून फिरली. घरोघर जाऊन बायकांना वचन वाचून दाखवायचं, आजाऱ्याजवळ बसून प्रार्थना करायची, हे तिचं काम. एक डोळा लहानपणीच गोवरात गेलेला. दुसऱ्यावर तिने सगळं आयुष्य ओढलं. त्यात तुरीच्या खळ्यावर काडी लागली आणि फंगल अल्सर झाला, म्हणजे बुबुळावर बुरशीची जखम. जखम भरली, पण पांढरा डाग मागे ठेवून गेली.

उपाय एकच होता, केराटोप्लास्टी. म्हणजे बुबुळावरचं ढगाळलेलं पटल गोल कापून काढायचं आणि त्या जागी मेलेल्या माणसाने दान केलेलं स्वच्छ पटल शिवायचं. मी जुन्या जालन्यात ब्लाउज शिवते. डॉक्टरीणबाईंनी ते टाके मला यंत्रातून दाखवले, तेव्हा मी मुकाट्याने मान डोलावली. असला हात मला या जन्मात यायचा नाही.

पट्टी निघाली तेव्हा आईला उजेड दिसला, हलती माणसं दिसली. "नजर हळूहळू येईल, महिने लागतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लाली, दुखणं, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं, यातलं काहीही वाढलं तर त्याच दिवशी या."

आम्ही हो हो म्हणालो आणि घरी येऊन साक्षीच्या तयारीला लागलो. आमच्यात बरं झालेल्या माणसाने मंडळीपुढे उभं राहून देवाने काय केलं ते सांगायचं असतं, तीच साक्ष. आईसाठी सगळ्यांनी उपास केले होते. हसनाबादच्या मंडळीचे लोकसुद्धा टेम्पो करून आले. पाळकसाहेबांनी बायबल तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "मावशी, तुमच्या आवडीचं स्तोत्र वाचा."

आईने ओळींवरून बोट फिरवत अख्खं स्तोत्र वाचलं. कुठे अडखळली नाही. बायका रडायला लागल्या, मीही रडले.

तिला त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं. स्तोत्र तिला पाठ होतं.

हे तिने मला रिजेक्शन कळलं त्या दिवशी, दवाखान्याच्या बाकावर सांगितलं. "इतके लोक उपाशी राह्यले गं सुवार्ता. त्यांच्यापुढं न्हाई दिसत असं कसं म्हणू?"

"आणि डोळा लाल झाला तेव्हा?"

"साक्ष दिल्ती ना मंग. देवाच्या घरात दिल्ती. ती मागं कशी घेऊ?"

म्हणून ती घरात काळा चष्मा लावून बसायची. आणि मी मूर्ख, शेजारणींना हसत सांगायचे, आमची आई बघा कशी हिरोईन झाली! मला तिचा इतका राग आला होता की मी उठून पाणी प्यायच्या निमित्ताने लांब गेले. परत आले तर ती माझा हात चाचपत होती.

"ज्याचा डोळा हाय ना, त्याला खोटं खपंना," ती म्हणाली. "त्याच्या डोळ्यानं खोटं वाचलं मी. तो परत मागू राह्यला."

भरदुपारी माझ्या अंगावर काटा आला. जन्मभर दुसऱ्यांच्या घरातली भीती काढत फिरलेली बाई हे बोलत होती.

तिला भरती केलं. स्टेरॉइड सुरू झालं, म्हणजे शरीराचं ते उठणं शांत करणारं औषध; सलाइनमधून, शिवाय तासातासाला थेंब. हा डोळा गेला तर अंधारच, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

एका दुपारी तिने कोपऱ्याकडे बोट केलं. "उभा हाय तो. उंच हाय. हालत न्हाई." तिथे सलाइनचा स्टँड होता. मी तो ओढून बाजूला केला. "तिथंच हाय," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की नजर अधू झाली की मेंदू मनाची चित्रं भरतो, त्यात वेड नाही. मला पटलं. तरी त्या कोपऱ्याकडे पाठ करून मी नंतर बसले नाही.

तिथे मला बायबलमधला बेथसैदा गावचा आंधळा आठवला. प्रभूने त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेलं, डोळ्यांना स्पर्श केला आणि विचारलं, काही दिसतं का? तो माणूस म्हणाला, माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. एवढा मोठा वैद्य समोर असताना त्याने अर्धं बरं झाल्याचं तोंडावर सांगितलं! त्याला लाज वाटली नाही आणि प्रभूलाही राग आला नाही. प्रभूने पुन्हा हात ठेवला, तेव्हा त्याला सगळं स्वच्छ दिसलं. आम्ही मात्र आईला गावाबाहेर न्यायचं सोडून अख्ख्या गावासमोर उभं केलं आणि तिला काय दिसतं ते विचारलंच नाही. शिष्य होणं म्हणजे विश्वासाचा आव आणणं नव्हे, एवढं मला त्या वॉर्डात कळलं. प्रभू विचारतो तेव्हा त्याला आहे तेवढंच सांगावं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय दिसतंय, आजी?"

आईने मान पुढे काढून पाहिलं. "तुम्ही बसल्या ते दिसतं. तोंड न्हाई दिसत."

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या आणि औषध वाढवलं.

पटल तगलं. स्वच्छ झालं नाही, होईल असं कुणी सांगतही नाही. दुसरा स्पर्श या डोळ्याला होईल की नाही, मला माहीत नाही. पाळकसाहेबांना आईने स्वतःच सगळं सांगितलं. ज्या घराने आपल्या मेलेल्या माणसाचे डोळे दिले त्या घराचं नाव आम्हाला कळणार नाही, पण रोजच्या प्रार्थनेत ते घर असतं.

काल दिवेलागणीला आई अंगणाच्या दाराकडे तोंड करून बसली होती. तिने मला जवळ बोलावलं.

"तो हाय अजून," ती हळूच म्हणाली. "गेला म्हणू का? तुला बरं वाटंल."

मला खरंच बरं वाटलं असतं. मी नको म्हणाले.