नांग्या भरायला ठेवलेला मोगरा

"यात फरक कुठाय, मॅडम?"

आमचे सर मांडवात उकिडवे बसले होते. दोन्ही हातांत मोगऱ्याचं एकेक छाटकलम. एक माझ्या रांगेतलं, एक कंट्रोलमधलं, म्हणजे तुलनेसाठी काहीही न देता वाढवलेलं. दोन्हींची मुळं सारखीच भरघोस. मी चिडून दोन्ही कलमं त्यांच्या हातातून घेतली आणि उलटसुलट करून पाहिली.

मी मायक्रोबायॉलॉजिस्ट. विरारला राहते, शेतीच्या एका रिसर्च कंपनीत काम करते. माझं काम बॅक्टेरियांच्या वासावर चालतं. हसू नका. मातीतले काही बॅक्टेरिया हवेत वाफेसारखी द्रव्यं सोडतात. ती लागली की रोप जोरात मुळं धरतं, मचूळ पाणीही बऱ्यापैकी सोसतं. खत नाही, फवारणी नाही. ताटलीत खाद्य घालून बॅक्टेरिया वाढवायचे आणि उघडी ताटली रोपांच्या वर टांगायची. बस.

ट्रायल जवळच्याच नंदाखाल गावात, पास्कलकाकांच्या वाडीत होती. त्यांच्या विहिरीचं पाणी खारं होत चाललं होतं. आदल्या वर्षी मोगऱ्याचं एकही कलम जगलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "या साली लागली नाय तर मोगरा बंद. लग्नाच्या लॉनसाठी जागा मागायला दोघं येऊन गेलेत." मग ताटल्यांकडे बघून म्हणाले, "मोगऱ्याला वास द्यायला आलात तुम्ही? कमालच आहे बाबा!" ताटल्यांना लोण्यासारखा वास येतो. काकी तर रोज विचारायच्या, आज तूप कढवलंत का म्हणून.

मांडव मी स्वतः उभा करून घेतला होता. चारी बाजूंनी प्लॅस्टिक. एका टोकाला ताटल्यांखालची रांग, दुसऱ्या टोकाला कंट्रोल. ऊन, माती, पाणी सगळं सारखं, म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा नको. या नीटनेटकेपणाचा मला भारी अभिमान होता.

आणि महिन्याभराने दोन्ही रांगा सारख्याच.

"तुमचे बॅक्टेरिया बसून खातायत," सर म्हणाले. "सोमवारच्या मीटिंगमध्ये प्रोजेक्ट बंद करायला सांगतो."

"पण साहेब, जगली ना सगळी!" काका मध्ये पडले. "गेल्या साली याच पान्यावर एक जगलं नव्हतं."

"यंदा हवा चांगली असेल, काका."

सर हात धुवायला गेले. दोन्ही रांगांत एकेक खड्डा रिकामा होता, मुळं बघायला कलमं आम्हीच उपटली होती. काकांना रिकामा खड्डा बघवत नाही. "थांबा, नांग्या भरतो," म्हणाले आणि विहिरीकडे गेले. नांगी म्हणजे ओळीत रोप मेल्यावर पडलेली मोकळी जागा. ती भरायला इथले जुने शेतकरी थोडी रोपं नेहमी बाजूला राखून ठेवतात. मला हे माहीतच नव्हतं. काकांनाही त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

ते दोन कलमं घेऊन आले. पिवळी, कडा करपलेली. खाली मुळांचे चार केस.

"ही कुठली?"

"हीच की. त्याच झाडाची, त्याच दिवशी लावलेली. माती तीच, पानीही तेच. फक्त इहिरीमागे ठेवली. आता लावायच्या लायकीची नाय दिसत."

अगं बाई! मी बंद मांडवात वाफ सोडली होती आणि त्याच मांडवात, दहा पावलांवर, कंट्रोल ठेवला होता. वाफ काय माझी 'कंट्रोल' लिहिलेली पाटी वाचून थांबणार होती? महिनाभर दोन्ही रांगा तोच वास घेत होत्या. खरा कंट्रोल विहिरीमागे मरत पडला होता.

सरांना ती कलमं दाखवली. ते मान हलवत म्हणाले, "विहिरीमागे सावली जास्त असेल. मी हे कसं मानू?"

राग आला, पण बरोबर होतं त्यांचं. मी म्हटलं, "मग जागा उलट करते. वाफ विहिरीमागे, नुसती कलमं मांडवात. एक महिना द्या."

"एकच. पुन्हा मागू नका."

मग मी काकांकडे वळले. "पुन्हा कलमं करावी लागतील, काका. आणि माझं खरं ठरलं तर मांडवातली मरतील."

काका कलमांसाठी फांद्या बघायला मोगऱ्याच्या जुन्या झाडांकडे निघाले. "मरू द्या. गेल्या साली मेली ती का मेली ते कळलंच नाय. या टायमाला कळेल तरी."

ताटल्या धुऊन, मांडव आठवडाभर सताड उघडा ठेवून वास घालवला. मग विहिरीमागे प्लॅस्टिकचा छोटा मांडव केला, ताटल्या तिथे टांगल्या आणि दोन्हीकडे नवी कलमं लावली. तिसऱ्या आठवड्यात मोठ्या मांडवातली पानं पिवळी पडू लागली. रोपं मरताना बघून मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. विहिरीमागे, त्या सावलीत, मोगरा तरारून उठला होता.

सर आले. विहिरीमागचं एक कलम त्यांनी स्वतः उपटलं, मुळं बादलीत खळबळून धुतली, उन्हात धरली.

"रिपोर्टमध्ये तुमची चूकही लिहा, मॅडम."

"पहिल्याच पानावर लिहिली आहे, सर."

लिहिली होती खरंच, आणि त्याच पानावर काकांचं नावही, पूर्ण. सांगायला संकोच कशाला, माझ्या नोकरीतला हा सगळ्यात चांगला रिपोर्ट आहे. काकांनी ताटल्यांखाली कलमं करून सगळ्या वाडीत मोगरा लावला. लॉनवाले पुन्हा आले, तेव्हा काकींनी त्यांना सरबत पाजलं आणि वाटेला लावलं.

माझे बॅक्टेरिया हवेतून काम करतात, हे मी वर्षभर दिसेल त्याला पटवत होते. फक्त मांडव बांधताना ते मला स्वतःला पटलेलं नव्हतं.