पोकळ फ्लोट

रविवारची दुपार. जेवणं आटोपून वैजयंता पलंगावर आडवी होते, ती फक्त पाठ टेकायला. उशाशी खिडकीच्या कट्ट्यावर पितळेचा फ्लोट आहे. लिंबाएवढी पोकळ डबी, पत्रा पापडासारखा पातळ. कार्बोरेटरच्या वाटीत ती पेट्रोलवर तरंगते. वाटी भरली की वर येते आणि पेट्रोल बंद करते. हे तिला वडिलांनी, आबांनी, ती शाळेत असतानाच शिकवलेलं.

आबांना जाऊन आठ महिने झाले. कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या आपल्या शेडमध्ये, जुन्या फियाटच्या इंजिनाला भंगारातला टर्बो बसवता बसवता उघड्या बोनेटखाली कोसळले आणि संपले. उरलेलं काम धाकट्या भावानं, रणधीरनं पुरं केलं. अडलं होतं ते फ्लोटपाशी. तो आज सकाळी तिला आबांच्या दाढीच्या सामानात सापडला. तिथं का ठेवला असेल, हा विचार तिनं केला नाही. पाच वाजता तो रणधीरला नेऊन द्यायचा, मग तो गाडी सुरू करणार.

पंख्याची घरघर हळूहळू जाड होत जाते. लेथ चालू आहे.

आबा पाठमोरे उभे आहेत. अंगात खाकी शर्ट, पाठीवर घामाचं वाळलेलं मीठ.

"आलीस व्हय, वैजू? दार ओढून घे."

ती वळते. दार नाही. ती नोकरी करते त्या ग्रंथालयातले कार्डांचे खण आहेत, छतापर्यंत. एक ओढते. आत कार्डं नाहीत, कार्बोरेटरचे पितळी जेट ओळीनं मांडलेत, आणि प्रत्येकाच्या भोकातून थंड हवा येते आहे.

"तिथं बघू नगंस," आबा म्हणतात. "मुठीत काय हाय तुझ्या?"

मुठीत फ्लोट आहे.

"कानाशी धर. हलीव."

हा त्यांचा जुना धडा. चीर गेली असेल तर आत पेट्रोल खळखळतं. ती हलवते.

"कोरडा आहे, आबा. चांगला आहे."

"साध्या गाडीला चांगला. ह्या गाडीला न्हाई." ते वळतात. चेहरा होता तसाच आहे, फक्त पापण्या लवत नाहीत. "टर्बो हवा कोंबतोय. ती वाटीत दाबतीया. पोकळ डबी किती दम धरंल? चेपली की बुडाली. बुडाली की पेट्रोल उतू गेलं. खाली टर्बो लालभडक." ते हात पुढं करतात. उजवा हात, लेथवर पेरभर तुटलेला, नख नसलेला रुंद अंगठा. "आण हिकडं."

ती मूठ मागे घेते. थोरली आत्या, आबांची आक्की, सांगायची, गेलेल्या माणसानं स्वप्नात काही दिलं तर घ्यावं, मागितलं तर देऊ नये. देणाऱ्याला ते घेऊन जातात. पुस्तकं वाचून वाचून वैजयंता या गोष्टीला हसायला शिकली होती. इथं तिला हसता येत नाही.

"मागू नका, आबा. दुसरं काहीही सांगा."

"आक्कीनं भरवलं न्हवं डोक्यात? मीठमिरच्या ओवाळण्यात जल्म गेला तिचा." ते हसतात. हसण्याचा आवाज येत नाही, लेथचाच येतो.

"मी रणधीरला सांगते ना."

"बापाचं ऐकलं न्हाई कवा, भनीचं ऐकतोय! त्यो बघ."

गाडी तिच्या स्वयंपाकघरात उभी आहे, ओट्याला चिकटून. स्टिअरिंगवर रणधीर, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. "ताई, आटप की. पाच वाजले." आवाज पाण्याखालून यावा तसा. शेजारच्या सीटवर आबा कधी जाऊन बसले तिला कळत नाही. त्यांचा हात रणधीरच्या खांद्यावर आहे आणि रणधीरला तो जाणवत नाही. ओट्याखालून पेट्रोलचा वास येतो.

"एकट्याला करमत न्हाई गं," आबांचा आवाज म्हणतो. आबांचे ओठ हलत नाहीत.



"माझ्याकडं दे, न्हाईतर त्याच्याकडं दे. तिसरा हात न्हाई."

गाडीच्या दोन्ही खिडक्यांतून हात बाहेर येतात. दोन्ही तळवे सारखे, तेलाच्या रेषा सारख्या. आजवर या दोघांनी एकाच वेळी काही मागितलं की ती आधी रणधीरला द्यायची. लहान म्हणून.

ती तुटका अंगठा शोधते आणि फ्लोट त्या हातावर ठेवते. तळवा बर्फासारखा गार आहे. अंगठा मिटतो.

ती दचकून उठते. चार वीस. वीज गेली आहे, पंखा थांबला आहे. कट्ट्यावर फ्लोट नाही. तो तिच्या मुठीत आहे, आणि एका बाजूनं चेपला आहे. खळगा रुंद, गुळगुळीत, नखाची खूण नसलेला. ती त्यात आपला अंगठा ठेवून बघते. दोन्ही बाजूंनी जागा उरते.

फोन वाजतो.

"ताई, निघालीस का? गाडीला हार घालून बसलोय."

"फ्लोट चेपलाय."

"चेपलाय? कुणी चेपला?"

"चेपणारच तो. चावी काढून ठेव. मी आल्याशिवाय हात लावू नकोस."

"बाजारातनं दुसरा आणतो की."

"पोकळ नको. भरीव बघ."

 रणधीर हळू आवाजात विचारतो, "ही पोकळ-भरीवची भानगड तुला कुणी सांगितली?"

ती फोन ठेवते. फ्लोट रुमालात बांधते, दाराला कुलूप लावते आणि जिन्याच्या तोंडाशी थांबते. रोजचाच जिना, अठरा पायऱ्या. मागितलेलं तिनं देऊन टाकलं आहे. कठडा दोन्ही हातांनी धरून ती पहिली पायरी उतरते.